नाल्याकडचं किती? यावल तालुक्यातल्या एका केळीबागेच्या हिवाळी नोंदी

८ डिसेंबर

मागच्या हिवाळ्यात आबांच्या बागेतल्या नाल्याकडच्या सहा ओळी हातच्या गेल्या. घड पोग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच, अडकले, जे बाहेर आले ते वाकडेतिकडे. वरच्या बाजूची बाग मात्र तरली. आबा म्हणजे माझे मोठे काका. त्यांचं म्हणणं, त्या ओळींची माती खराब. माझं म्हणणं, तिथे थंडी जास्त पडते. पण "जास्त" म्हणजे किती, हे विचारल्यावर मी गप्प झालो. पेपरात जळगावचा आकडा येतो, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा येतो. आमच्या नाल्याचा कुठेच येत नाही.

म्हणून हा उद्योग. सामान: तीन ईएसपी३२ बोर्ड (आकडे टिपून ठेवणारे छोटे संगणकच), तापमानाचे पाच डीएस१८बी२० सेन्सर (स्टीलच्या टोपीतले, पाण्यात चालतात ते), आर्द्रतेसाठी एक डीएचटी२२, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल, आणि कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या.

आज पाचही सेन्सर बर्फाच्या चुऱ्यात घातले. थर्मासमध्ये बर्फ किसून, तो जेमतेम भिजेल एवढंच पाणी, वीस मिनिटं ढवळत. सगळ्यांनी शून्य दाखवायला हवं होतं. आले ते असे: ०.३, ०.१, −०.२, ०.६, ०.२. कंपनी अर्ध्या अंशाची चूक कबूल करतेच, त्यामुळे तक्रार नाही. ०.६ वाल्यावर लाल टेप गुंडाळला. प्रत्येकाची चूक प्रोग्राममध्ये वजा केली. हे केलं नसतं तर पुढचा महिनाभर मी सेन्सरांमधला फरक मोजत बसलो असतो आणि त्यालाच थंडी म्हटलं असतं.

९ डिसेंबर

जागा ठरल्या. एक, गावातल्या घराची गच्ची. दोन, बागेचा मध्य, जमिनीपासून चार फूट. तीन, नाल्याकडच्या ओळीत, तेवढ्याच उंचीवर. चार, तिथेच जमिनीपासून एक फूट. पाच, तिथेच पंधरा फुटी बांबूच्या टोकाला. आर्द्रतावाला बागेच्या मध्यातच.

हवामान खात्याची ती पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा स्कॉटिश इंजिनिअर, तिचा जनक. पेटीचं काम एकच: वारा आत येऊ द्यायचा, ऊन येऊ द्यायचं नाही, आणि रात्री थर्मामीटरला आकाश दिसू द्यायचं नाही. मी तेच थाळ्यांनी केलं. सात थाळ्या उपड्या एकावर एक, मध्ये बोटभर फट, मधल्यांना भोक पाडून सेन्सर आत.

आबा बघत होते. म्हणाले, "हे काय, चिमण्यांचं घर करी राह्यला का?"

११ डिसेंबर

पहिल्या दोन रात्री. आजचं किमान: गच्ची १२.४, बागेचा मध्य १०.६, नाला ८.९, नाला एक फुटावर ८.१, बांबूच्या टोकाला ११.०.

गच्ची आणि नाला यांच्यात साडेतीन अंश. अंतर दीड किलोमीटर. मला एखादा अंश अपेक्षित होता, म्हणून सेन्सर बदलून पाहायचं ठरवलं. नाल्याचा काढून मध्यावर लावला, मध्याचा नाल्याला. उद्या बघू.

रात्री २ वाजून १० मिनिटांनी गच्चीवर ८५.० अंश. घर जळालेलं नाही. या सेन्सरला वीज मिळाली की तो मोजमाप होईपर्यंत ८५ हाच आकडा धरून बसतो. सेलचा व्होल्टेज क्षणभर पडला असणार. प्रोग्राममध्ये ८५ आला की तो फेकून पुन्हा मोजायची सोय केली.

१२ डिसेंबर

अदलाबदल करूनही नाला मध्यापेक्षा १.६ ने खाली. म्हणजे फरक जागेचाच.

आबांचा स्वतःचा एक थर्मामीटर आहे, पंपाच्या खोलीबाहेर खिळ्याला, उघड्यावर. तो आज पहाटे साडेसात दाखवत होता, शेजारीच थाळ्यांमधला माझा तात्पुरता सेन्सर नऊ. आबा म्हणाले, तुझं यंत्र थंडी लपवतं. खरं उलटं आहे. उघडा थर्मामीटर रात्री स्वतःची उष्णता आकाशाला देत असतो, त्यामुळे तो हवेपेक्षाही गार होतो. तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. हे समजावताना माझ्याच लक्षात आलं की केळीचं वरचं पानही त्या खिळ्यावरच्या थर्मामीटरसारखंच उघडं आहे. म्हणजे आबांचा आकडा हवेसाठी चुकीचा आणि पानासाठी कदाचित माझ्याहून बरोबर. हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही.

१४ डिसेंबर

आज मोजमाप कमी, भरीत जास्त. मामाकडचे आले होते. बामणोदची वांगी, शेतातच पऱ्हाट्यांचा जाळ, लाकडी बडगीत ठेचा, वरून कांद्याची पात, कळण्याची भाकरी. थंडीत खानदेशात कुठल्याही शेताच्या बांधावर हेच चाललेलं असतं.

पण लिहायचं आहे ते धुराबद्दल. सूर्य मावळला तेव्हा धूर सरळ वर जात होता. साडेसातच्या सुमारास वारा पडला आणि धूर बांधावरच्या निंबाच्या शेंड्यापर्यंत चढून थांबला. तिथून पुढे वर जाईना. आडवा पसरला, अगदी मांडव घातल्यासारखा सपाट, आणि हळूहळू नाल्याकडे सरकू लागला. सगळे जेवत होते, मी भाकरी हातात धरून धूर बघत उभा.

झालं असं. दिवसा जमीन तापते, तिच्यामुळे हवा तापते आणि वर जाते. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमीन उष्णता वर फेकून देते आणि तिला टेकलेली हवा आधी गार होते. गार हवा जड, ती खालीच बसते. वर ऊबदार, खाली गार, असं उलटं लिंपण तयार होतं. धूर आपल्याएवढीच गरम हवा भेटेपर्यंत चढतो, तिथे थबकतो. बांबूच्या टोकाचा सेन्सर चार दिवस जे आकड्यांत सांगत होता, ते आज डोळ्यांनी दिसलं.

आणि ही गार हवा पाण्यासारखी उताराला वाहते. आमची जमीन सातपुड्याकडून तापीकडे उतरत येते, त्यात शेताचा कल नाल्याकडे. पूर्ण शेताची थंडी पन्हाळ्यातून यावी तशी त्या सहा ओळींत येते. तिथे बांधावर आबांनी गजराज गवताची दाट भिंत लावली आहे, वाऱ्याला आडोसा म्हणून. ही नोंद करताना तिचं काही वाटलं नव्हतं.

१७ डिसेंबर

बिकानेरहून फोन. धाकटा चुलतभाऊ, आबांचा मुलगा, सैन्यात आहे, सध्या तिकडे. म्हणाला, "दादा, इथे वाळवंटात पाऊस पडतोय, आणि लोक खूश आहेत." हिवाळ्यातल्या या पावसाला राजस्थानात मावठ म्हणतात. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी पावसाळी हवा, उत्तर भारतावरून जाते तेव्हा तो पडतो. गहू-मोहरीला तो सोन्यासारखा.

आमच्याकडे याच भानगडीचं शेपूट येतं, आणि केळीवाला, कापूसवाला, तुरीवाला सगळे मिळून त्याला शिव्या घालतात. संध्याकाळी पश्चिमेकडे पिसांसारखे ढग.

१९ डिसेंबर

ढग. किमान: गच्ची १७.८, नाला १७.१. फरक पाऊण अंशही नाही. ढग म्हणजे आकाशावर घातलेलं पांघरूण, जमिनीने वर फेकलेली उष्णता ते परत खाली पाठवतं. डिसेंबरात पंखा लावून झोपलो. गावात निम्मे लोक खोकतायत.

२१ डिसेंबर

रात्री पाऊस. सरळ बाजूच्या डब्यात पट्टीने मोजला, २१ मिलिमीटर. गारा पडल्या नाहीत, एवढंच नशीब. शेजारच्या शेतातली फरदड, म्हणजे हंगामानंतर राखलेला कापूस, भिजून काळी पडली, हरभऱ्याचा फुलोरा झडला. केळीला पाण्याने काही होत नाही, पण पानं दिवसभर ओली राहिली की करपा सुटतो. आबांनी फवारणीचं ठरवलं.

नाल्याकडच्या बोर्डाच्या डब्यात पाणी. सेन्सर −१२७ दाखवतो. ८५ म्हणजे सेन्सर गोंधळलाय, −१२७ म्हणजे सेन्सर सापडतच नाही. जोड गंजला होता, डाग दिला, वरून गरम गोंद. एका रात्रीची नोंद गेली.

२३ डिसेंबर

धुई. सकाळी नऊपर्यंत दहा फुटांवरचं झाड दिसेना. फैजपूरच्या रस्त्यावर गाड्या दिवे लावून सरपटत होत्या. डीएचटी२२ कालपासून ९९.९ वर अडकलाय, त्याच्या आत दव साठलं असणार. काढून उन्हात ठेवला.

आकाश रात्री निरभ्र होतं, वाराही नव्हता, तरी नाला ११.८ च्या खाली गेला नाही. आठवडाभरापूर्वी अशाच रात्री तो आठ-नऊ दाखवत होता. हे मला आधी कळेना. मग चहा पिताना कळलं, कपाच्या बशीवर वाफ जमली होती. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. हवा गार होत होत दवबिंदूपाशी आली की दव पडू लागतं, आणि दव पडताना सुटलेली ऊब हवेला आणखी खाली जाऊ देत नाही. ओली हवा स्वतःला सावरते, कोरडी सावरत नाही. वाळवंटात दिवस-रात्रीत एवढी तफावत असते त्याचं हे एक कारण. 

यातून कामाचं सूत्र निघतं: संध्याकाळी सहाला दवबिंदू मोजायचा. रात्र शांत आणि निरभ्र असेल तर किमान तापमान त्याच्या आसपास येऊन अडखळतं. दवबिंदू १२ असेल तर झोपा. ४ असेल तर जागे राहा.

२६ डिसेंबर

विक्षोभ पुढे सरकला, त्याच्या पाठीमागून उत्तरेचा कोरडा वारा सुटला. दुपारी कमाल फक्त २३. बाजारात लोक दिवसा मफलर गुंडाळून. आबांचा निष्कर्ष, "आज रात्री केळी जाते." मी म्हटलं, वारा आहे तोवर नाही जाणार.

रात्री नऊ वाजता वारा चालूच. गच्ची ११.९, नाला ११.५. वारा वरची आणि खालची हवा घुसळत राहतो, थर बसूच देत नाही. अंगाला जी थंडी जास्त बोचते ती केळीला कमी लागते. ही गोष्ट आबांना पटवणं मला या महिन्यात जमलेलं नाही. त्यांची कातडी पन्नास वर्षं शेतात आहे, माझा सेन्सर अठरा दिवस.

२८ डिसेंबर

पेपरात थंडीच्या लाटेचा इशारा. हवामान विभागाचा सपाट प्रदेशासाठीचा निकष असा: किमान १० किंवा त्याखाली आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त खाली, किंवा मग थेट ४ किंवा त्याखाली. सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात, तसे मोबाइलवर आलेच. त्यातले निम्मे जुने असावेत असं माझं मत.

संध्याकाळी सहाचा दवबिंदू ५.५. (डीएचटी२२ सुधारलाय, पण मी आता त्याच्यावर पूर्ण विसंबत नाही. ओल्या फडक्याचा थर्मामीटर शेजारी लावला, दोघांत अर्ध्या अंशाचा फरक.) वारा दुपारपासून मंदावतोय.

पहाटे: गच्ची १०.२, मध्य ८.०, नाला ६.३.

२९ डिसेंबर

आता खरी अडचण. थंडीवरचा मान्य उपाय म्हणजे रात्री पाणी देणं. बोअरचं पाणी हिवाळ्यातही कोमट, मी मोजलं, २७ अंश. पण शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि या आठवड्यात आमची पाळी दिवसाची. पाणी दिवसा आहे, थंडी रात्री. यावर गावात काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी दिवसा भरपूर पाणी सोडायला लावलं. ओली, दबलेली काळी जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू देते. नाल्याकडच्या ओळींत आबांनी वाळलेल्या पानांचं जाड आच्छादन केलंय, ओल टिकावी म्हणून. उन्हाळ्यात ते सोनं आहे. पण आज तेच जमिनीची ऊब खाली कोंडून ठेवतं आणि वरची हवा तेवढी जास्त गार होते. सालदाराला घेऊन दोन ओळींतली पानं बाजूला सारली, बाकीच्यांत तशीच ठेवली. म्हणजे तुलनाही होईल.

आबा म्हणाले, धूर करू. चार ठिकाणी ओला-सुका कचरा रचला.

संध्याकाळचा दवबिंदू २.८. वारा शून्य. पानही हलत नाही.

एक खेळ म्हणून: इंग्रजांच्या काळात अलाहाबादकडे हिवाळ्यात बर्फ "पिकवत". उथळ मातीच्या ताटल्या, खाली गवत, आत बोटभर पाणी, वर उघडं आकाश. हवा शून्याखाली गेली नाही तरी पाणी गोठायचं, कारण पाणी थेट आकाशाला उष्णता देतं आणि गवतामुळे जमिनीकडून ती परत मिळत नाही. मातीची दोन परळं नाल्याकाठच्या मोकळ्या जागेत वाळलेल्या केळीच्या पानांच्या ढिगावर ठेवली. आबांनी विचारलं, कोणाच्या नावानं ठेवली?

३० डिसेंबर

झोप नाही. वेळेप्रमाणे लिहितो.

१०:०० नाला ९.४. ११:३० ला ८.०. धुराचे ढीग साडेबाराला पेटवले. धूर उठला, केळीच्या शेंड्यांच्या जरा वर जाऊन सपाट झाला, अख्ख्या बागेवर पांढरी चादर. दिसायला असं की आता थंडीची काय बिशाद. आबा समाधानाने शेकत बसले.

१:१५ नाला ६.६. २:०० ला ६.०. ३:०० ला ५.३. आलेख उतरता तो उतरताच. धुरामुळे कुठे वाकलाय का हे मी टॉर्चच्या उजेडात दहादा बघितलं. फक्त ढिगाच्या अगदी जवळचा, म्हणजे मध्यावरचा सेन्सर थोडा वेळ पाऊण अंशाने वर गेला आणि जाळ विझल्यावर परत रेषेवर आला. धुराचे कण बारीक, जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्यातून जवळपास आरपार जाते. ढगातले थेंब तिला अडवतात, धूर फारसा अडवत नाही. जी काही मदत होते ती जाळाची, आणि जाळाने हवा हलते त्याची.

५:४० ला सालदाराने हाक मारली. परळाजवळ उभा होता. पाण्यावर साय धरावी तशी बर्फाची पापडी, बोटाने दाबली तर कडकन तुटली. दुसऱ्या परळात नुसत्या कडेला सुया. त्याने तुकडा उचलून जिभेवर ठेवला, आणि मग मला दिला.

किमान, सकाळी ६:५०: गच्ची ९.०, मध्य ६.५, नाला ४.४, नाला एक फुटावर ३.६, बांबूच्या टोकाला ७.७. पानं सारलेल्या दोन ओळींत, तेवढ्यापुरत्या तिथे नेलेल्या लाल टेपवाल्या सेन्सरने, एक फुटावर ४.५.

गच्चीपासून नाल्यापर्यंत साडेचार अंश. बांबूच्या पंधरा फुटांत चार. आबांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी धुराबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे, "पानं सारली तिथं किती म्हनला?"

१ जानेवारी

बिकानेरला धुकं आणि थंडी, भावाला सुट्टी नाही. आमच्याकडे पुन्हा तशीच रात्र, नाला ४.९. धूर केला नाही. बाकीच्या चार ओळींतली पानंही आबांनी न सांगता सारायला लावली.

नुकसान लगेच दिसत नाही. केळीची वाढ १०-१२ अंशांखाली थांबतेच, पण पानं पिवळी पडायला आठवडा लागतो.

३ जानेवारी

रात्रीची लाइट आली. आधी कागदावर हिशोब. पाच बाय साडेपाच फुटांवर लागण, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला अडीच चौरस मीटर. निरभ्र कोरड्या रात्री जमीन चौरस मीटरला ८० वॅटच्या आसपास उष्णता गमावते असं धरू, झाडामागे २०० वॅट, तासाला १७२ किलोकॅलरी. ठिबकने झाडाला तासाला ८ लिटर मिळतं. ते पाणी २७ वरून १० अंशांवर आलं तर ८ गुणिले १७, म्हणजे १३६. हिशोब जवळपास जुळतो, म्हणून मी खूश होतो.

प्रत्यक्षात रात्री ११ ते ५ ठिबक चालवून नाल्याकडची हवा, पाणी न दिलेल्या शेजारच्या ओळींपेक्षा, फक्त ०.८ ने वर राहिली. कारण पाणी हवेला भेटतच नाही, सरळ मुळाशी जातं आणि मातीला ऊब देऊन मोकळं होतं. पण मातीत दहा सेंटिमीटरवर साडेतीन अंशांचा फरक पडला. केळीची मुळं तिथेच असतात. त्यामुळे उपाय वाया गेला असं मी म्हणणार नाही. पूर्वीसारखं मोकाट पाणी सोडलं असतं तर हवेत फरक जास्त पडला असता, पण तेवढं पाणी आता बोअरमध्ये कुणाकडे आहे?

५ जानेवारी

नाल्याकडच्या ओळींत पानांवर चरका, म्हणजे थंडीचा फटका, दिसू लागला. व्यापारी आला होता, वरच्या भागातले तयार घड बघायला. सवयीने नाल्याकडेही गेला, एक केळं तोडलं, नखाने साल खरवडली. सालीखाली तपकिरी रेघा. फळाला १३ अंशांखाली फार वेळ राहावं लागलं की या रेघा येतात, आणि असं केळं पिकल्यावर पिवळंधमक न होता मळकट राहतं. व्यापारी काही बोलला नाही. दुसरं केळं तोडलं, वरच्या भागातलं. तिथे साल स्वच्छ. मग त्याने दोन भाव सांगितले.

आबांनी घासाघीस केली नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

७ जानेवारी

काल रात्री लाल टेपवाला सेन्सर गजराज गवताच्या पलीकडे, नाल्याच्या उतारावर लावला होता. गवताच्या आत, बागेत ६.१. गवताच्या बाहेर, त्याहून तीन फूट खोल जागी, ७.०. सखल जागा गार असायला हवी, इथे उलटं.

म्हणजे गवताची भिंत बंधाऱ्याचं काम करतेय. वरून वाहत आलेली थंड हवा नाल्यात पडून पुढे जायला हवी, ती गवताला अडून सहा ओळींत तुंबते. वाऱ्याला आडोसा वरच्या बाजूला हवा, उताराच्या तोंडाशी नको. १४ तारखेला धूर नाल्याकडे सरकताना मी शेवटपर्यंत बघायला हवं होतं, तो गवतापाशी थांबला असणार. मी भरीत खायला वळलो.

आबांना दाखवलं. ते गवत त्यांनी चार वर्षं जोपासलंय, दोन म्हशी त्यावर आहेत. बराच वेळ बांधावर उभे राहिले. मग सालदाराला म्हणाले, "दहा फूट काप. जास्ती नको."

८ जानेवारी

दहा फुटांचं खिंडार पडलं. रात्री नाला ७.९, गच्ची ११.१. फरक ३.२. निरभ्र, शांत रात्रींना आतापर्यंत तो साडेतीन ते साडेचार असायचा. सुधारणा आहे असं वाटतं, पण एका रात्रीवरून मी काही लिहून देणार नाही.

सकाळी त्याच खिंडारातून शेजाऱ्यांच्या तीन शेळ्या आत. खालच्या पानांना तोंड लावलं. आता तिथे काटेरी फांद्या टाकायच्या, पण हवा जाईल अशा विरळ.

९ जानेवारी

दुपारी फोन, बिकानेरला परत ढग. इथेही संध्याकाळपासून पांघरूण. दवबिंदू १३. आज रात्री मोजण्यासारखं काही नाही, सेल चार्जिंगला लावले.

आठ वाजता आबांचा फोन आला, जेवलास का, संक्रांतीला येणार का, वगैरे. ठेवता ठेवता विचारलं, "नाल्याकडचं किती?"

"सतरा, आबा."

"आन् खिंडारापाशी?"

तिथे सेन्सर नाही. उद्या लावतो म्हटलं.